धोतर घालत नाहीत, नेसतात!

गेल्या महिन्यात हॉस्टेलच्या नोटीस बोर्डावर प्लेसमेंटची नोटीस लागली. खाली जाड अक्षरात एक ओळ होती : ‘फॉर्मल ड्रेस कम्पल्सरी.’ झालं! फायनल इयरच्या दादा लोकांची धावपळ सुरू. आमच्या विंगमध्ये ब्लेझर एकच आहे. तो सकाळी नऊला एकाच्या अंगावर, साडेदहाला दुसऱ्याच्या आणि दुपारी तिसऱ्याच्या. कुणाला बाह्या लांब, कुणाला आखूड. टायची गाठ तर एकालाच जमते. म्हणून तो पाच-सहा टाय आधीच गाठ मारून खुंटीला लटकवून ठेवतो. ज्याला लागेल त्याने गळ्यात अडकवायचा आणि पिशवीच्या नाडीसारखा ओढायचा!

हा सगळा गोंधळ बघत मी गॅलरीत उभा होतो आणि डोक्यात एक प्रश्न आला. फॉर्मल म्हणजे नेमकं काय हो? आणि ते ठरवलं कुणी?

त्याच प्रश्नाबद्दल हा लेख आहे. आधीच सांगतो, मी शिकलो कॉन्व्हेंटमध्ये, तेही शहरात (मी शिकत होतो तेव्हा त्या शहराचं नाव औरंगाबाद होतं, आता छत्रपती संभाजीनगर आहे). त्यामुळे माझ्या मराठीची चूकभूल द्यावी घ्यावी.

प्रश्न डोक्यात यायला कारण आहे, आणि ते सांगायला मला थोडी लाज वाटते. मी फर्स्ट इयरला असताना माझे आबा, म्हणजे आजोबा, मला भेटायला अंबाजोगाईला आले होते. धारूर तालुक्यातल्या आमच्या गावाहून एस.टी.ने. पांढरं धोतर, सदरा, वर काळा कोट, डोक्याला टोपी, हातात शेंगदाण्याच्या लाडवांचा डबा. गेटवर माझे नवीन मित्र उभे होते. एकाने विचारलं, "कोण रे?" आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "गावाकडचे आहेत." आजोबा आहेत असं म्हणालो नाही. आबांना घेऊन मी मागच्या बाजूने मेसकडे गेलो. डबा घेतला, दहा मिनिटं बोललो आणि त्यांना स्टँडवर सोडून आलो.

आबा काही बोलले नाहीत. पण पुढच्या वेळी आले ते पॅन्ट-शर्ट घालून! पॅन्ट काकांची होती. कमरेला ढिली, म्हणून सुतळीने बांधलेली. मी म्हटलं, "आबा, हे काय?" तर म्हणाले, "आसू दे. मपल्यामुळं तुला खाली बघायची पाळी कामून यावी?"

मंडळी, त्या रात्री मला झोप आली नाही.

दिवाळीच्या सुट्टीत गावी गेलो तेव्हा आबांना म्हटलं, "मला धोतर घालायला शिकवा." ते हसले. म्हणाले, "आरं, धोतर घालत न्हाईत, नेसत्यात." माझा पहिला धडा हाच! नंतर लक्षात आलं की आपल्या भाषेत याचा अख्खा हिशेबच आहे. शिवलेलं असेल ते घालायचं (सदरा, कोट). न शिवलेलं असेल ते नेसायचं (धोतर, साडी, लुगडं). फेटा बांधायचा, उपरणं किंवा शाल घ्यायची. मला मात्र शाळेपासून सगळं ‘वेअर’च करायची सवय!

आता इंजिनिअरच्या नजरेने बघा. धोतर म्हणजे साधारण चार-पाच मीटर लांबीचं एक सपाट कापड. त्याला बटण नाही, चेन नाही, शिलाई नाही. मधला भाग पाठीमागून कमरेला घ्यायचा आणि दोन्ही बाजू पुढे आणून बेंबीजवळ गच्च गाठ मारायची. मग एका टोकाच्या निऱ्या करून ते दोन्ही पायांमधून मागे न्यायचं आणि पाठीशी खोचायचं. हा झाला कासोटा. दुसऱ्या टोकाच्या निऱ्या पुढे खोचायच्या. खाली लोंबतो तो सोगा. बस्स! सगळं तोललेलं असतं ते गाठीचा ताण आणि कापडाचं घर्षण यांच्यावर. पोट सुटलं की पॅन्ट टाकून द्यावी लागते, धोतर नाही. आबा पंचवीस वर्षांचे असताना नेसायचे तसंच पंचाहत्तरीतही नेसतात. (माझं मात्र पहिल्या दिवशी तीनदा सुटलं. एकदा अंगणात, सगळ्यांसमोर!)

मग इतकं सोयीचं कापड सुटलं कसं? आबांच्या पिढीपर्यंत नेसत होते, वडिलांच्या पिढीत गायब. आबा म्हणतात, "टेरिलिन आलं अन् गेलं." ते अगदीच खोटं नाही. पॉलिस्टरचा हा धागा १९४१ मध्ये ब्रिटनमध्ये तयार झाला. केमिस्ट्रीच्या भाषेत तो पॉलिइथिलीन टेरेफ्थॅलेट, म्हणजे कोल्ड्रिंकची बाटली ज्याची बनते तेच! सुती कापड पाणी शोषतं. पाण्याने त्याच्या रेणूंमधले हायड्रोजन बंध सुटतात आणि वाळताना जसा चुरगळा असेल तसेच पुन्हा जुळतात, म्हणून सुरकुत्या पडतात. पॉलिस्टर पाणी जवळजवळ घेतच नाही. हवेतून ओल धरून ठेवण्याचं प्रमाण कापसात सुमारे साडेआठ टक्के, पॉलिस्टरमध्ये अर्ध्या टक्क्याहूनही कमी. त्यामुळे धुतलं की झटकन वाळतं आणि इस्त्री लागत नाही. नोकरी करणाऱ्याला आणखी काय पाहिजे? त्यात सायकल आली, मोटारसायकल आली. सोगा चेनमध्ये अडकला की संपलंच. शाळेत हाफ पॅन्टचा युनिफॉर्म आला. जो मुलगा दहा वर्षं पॅन्ट घालून वाढला तो अकराव्या वर्षी धोतर कशाला नेसेल?

पण त्याच गुणाची दुसरी बाजूही आहे. घाम शोषत नाही म्हणजे घाम अंगावरच राहतो. मे महिन्यात आपल्या बीड जिल्ह्यात पारा चाळिशीच्या वर जातो. कापूस पिकवणाऱ्या जिल्ह्यातले आपण लोक त्या उन्हात प्लास्टिकचा धागा घालून बसतो आणि त्याला फॉर्मल म्हणतो!

बरं, फॉर्मल काय ते आपल्याकडेही कायम एकच नव्हतं. आपला भाग १९४८ च्या सप्टेंबरपर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. तेव्हा कचेरीत वजन असायचं शेरवानीला. डोक्यावर रुमी टोपी असायची. गंमत म्हणजे ज्या तुर्कस्तानच्या नावाने ती ओळखली जायची, तिथे केमाल पाशाने १९२५ मध्येच कायदा करून तिच्यावर बंदी घातली होती! दुसरीकडे गांधी टोपी. गांधीजींनी वेगवेगळ्या प्रांतांतल्या टोप्या पाहून काश्मिरी टोपीचा आकार निवडला आणि ती लोकरीऐवजी सुती केली. पांढरी अशासाठी की घाम, मळ लगेच दिसावा आणि ती धुतली जावी. घडी करून खिशात ठेवता येते हा आणखी एक फायदा. हैदराबाद संस्थानात १९३८ मध्ये स्टेट काँग्रेसवर बंदी आली. त्या दिवसांत ही टोपी घालून बाजारात फिरणं म्हणजे साधी गोष्ट नव्हती. आज तीच टोपी बघून आपण म्हणतो, ‘गावाकडचे आहेत.’

जगातही तेच. आपली लाडकी जीन्स बघा. तिच्या खिशांना तांब्याचे रिव्हेट मारायचं पेटंट लेव्ही स्ट्रॉस आणि जेकब डेव्हिस यांनी १८७३ मध्ये घेतलं, ते कष्टकऱ्यांच्या पॅन्ट फाटू नयेत म्हणून. टाय आला क्रोएशियन सैनिकांच्या गळ्यातल्या रुमालावरून. आणि पायजमा हा फारसी शब्द : पाय आणि जामा, म्हणजे पायांचा कपडा. आपल्याकडे तो घालून लोक लग्नाला जातात, साहेबांनी त्याचा नाईट ड्रेस केला! म्हणजे कापडात स्वतःहून फॉर्मल असं काही नसतं. ज्याच्या हातात सत्ता, नोकरी, पैसा त्याचा कपडा तो फॉर्मल. बाकी सगळे ट्रॅडिशनल डेला.

हे ज्यांना पक्कं कळलं होतं अशी माणसं आपल्याकडे होऊन गेली. १८८८ मध्ये पुण्यात ड्यूक ऑफ कॅनॉट यांच्यासाठी समारंभ होता. सगळे प्रतिष्ठित लोक नटून आलेले. महात्मा फुले तिथे गेले ते शेतकऱ्याच्या वेषात, आणि या देशातला खरा माणूस कसा दिसतो ते त्यांनी पाहुण्यांना दाखवलं. गांधीजींनी १९२१ मध्ये मदुराईत सदरा-टोपी सोडून फक्त पंचा नेसायचं ठरवलं. १९३१ मध्ये लंडनला दुसऱ्या गोलमेज परिषदेत ते तसेच बसले. आणि त्याच परिषदेत डॉ. बाबासाहेब आंबेडकर होते सुटाबुटात. एकाने कपडे उतरवले, दुसऱ्याने चढवले. दोघांनीही विचार करून.

इथपर्यंत लिहून मी लेख माझ्या रूम पार्टनरला वाचायला दिला. मला वाटलं, खूश होईल. तो वाचून गप्प बसला आणि मग म्हणाला, "तुझ्या आबांचं धोतर मानाचं आहे रे. माझ्या पणजोबांना गावात गुडघ्याखाली धोतर सोडायची परवानगी नव्हती. कोरा कपडा घातला तरी आधी मातीत मळवायचा. आमच्या घरात बाबासाहेबांचा फोटो आहे ना, तो सूट आमच्यासाठी साहेबाचा नाही, आमचा आहे. तू धोतर नेस, पण मला जुनं ते सोनं सांगू नकोस."

मी निरुत्तर झालो. त्याने सांगितल्यावर वाचलं. १९२७ च्या डिसेंबरमध्ये महाडला बाबासाहेबांनी स्त्रियांना मुद्दाम सांगितलं होतं की लुगडं घोट्यापर्यंत नेसा, अंगावरचे ते जड चांदीचे दागिने सोडा. कारण कपड्यावरूनच जात ओळखली जायची. म्हणजे ज्यांच्यावर एक वेष लादला गेला होता त्यांच्यासाठी नवीन वेष हीच सुटका होती. जुन्या कपड्यांचं कौतुक करताना ही गोष्ट मी विसरलो होतो, कारण माझ्या घरात ती कुणाला विसरावी लागलीच नव्हती.

म्हणून आता मी एवढंच म्हणतो : प्रश्न धोतर की सूट हा नाहीच. काय नेसायचं, काय घालायचं ते ज्याचं त्याने ठरवलं का, हा आहे. २०१४ मध्ये चेन्नईच्या एका क्लबमध्ये हायकोर्टाच्या न्यायाधीशांना धोतर नेसलं म्हणून प्रवेश नाकारला गेला. त्यानंतर तमिळनाडू सरकारला असं अडवण्याविरुद्ध कायदा करावा लागला. २०२४ मध्ये बंगळुरूच्या एका मॉलमध्ये शेतकऱ्याला त्याच कारणाने दारात थांबवलं, मग माफी मागावी लागली. माझ्या पणजोबांच्या काळात नव्हे, आत्ता!

आणि आपल्या गेटवर? तिथे अडवणारा वॉचमन नव्हता हो, मी होतो.

सध्या मी दर गुरुवारी धोतर नेसतो. लेक्चरला, लायब्ररीत, मेसमध्ये. पहिल्या दिवशी "शूटिंग आहे का?" असं विचारणाऱ्यांनी आता विचारणं सोडलं आहे. आमच्या एका सरांनी कासोटा सैल आहे म्हणून सांगितलं, ते बरोबर होतं. वर्कशॉपला मात्र अजिबात नाही! फिरत्या चकमध्ये सोगा गेला तर लेथ काही परंपरा बघणार नाही. टायचंही तेच. तिथला फॉर्मल ड्रेस म्हणजे ॲप्रन आणि बूट. हेही मला पटतं, कारण त्या नियमाला कारण आहे. ट्रॅडिशनल डेसाठी ज्यांना शिकायचं असेल त्यांनी बुधवारी रात्री जेवणानंतर रूमवर यावं. इलास्टिकवाल्या रेडिमेड धोतराचं भाडं वाचेल.

गॅदरिंगला आबांना बोलावलं आहे. फोनवर म्हटलं, "आबा, या वेळी धोतर, कोट, टोपी, सगळं. मी गेटवर उभा राहतो."

थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "टोपी घालतो. पर पॅन्टच बरी रं आता. तिला खिसा आसतो, बीपीची गोळी ऱ्हाती त्यात."

काकांची पॅन्ट आता सुतळीने बांधायला नको. अंबाजोगाईच्या मंडी बाजारातून कापड घेऊन मी आबांच्या मापाची शिवायला टाकली आहे. सुती, दोन खोल खिशांची. कंबरेचं माप फोनवर विचारून घेतलं. गुरुवारी मी धोतर नेसून त्यांना गेटवर घ्यायला जाणार, आणि ते पॅन्ट घालून येणार. कुणी विचारलं, "कोण रे?" तर या वेळी नीट उत्तर देईन.