टॉल शिप

टॉल शिप म्हणजे उंच डोलकाठ्या आणि अनेक शिडे असलेले, प्रामुख्याने वाऱ्याच्या बळावर चालणारे मोठे जहाज. वाफेची आणि पुढे डिझेलची इंजिने आल्यावर व्यापारी वाहतुकीतून ही जहाजे विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत जवळजवळ नाहीशी झाली. आज टिकून असलेली बरीचशी जहाजे नाविक प्रशिक्षणासाठी वापरली जातात आणि बंदरांतील महोत्सवांत ती सर्वसामान्यांना पाहता येतात. भारतीय नौदलाची आयएनएस तरंगिणी आणि आयएनएस सुदर्शिनी ही गोव्यात बांधलेली जहाजे याच प्रकारची आहेत.

ओळख

कोकण किनाऱ्यावरील मचव्याचे शीड तिरकस वाशाला बांधलेले असते व ते जहाजाच्या लांबीच्या दिशेने पसरते. टॉल शिपवर बहुधा डोलकाठीला आडवे वासे असतात आणि त्यांवरून चौकोनी शिडे एकाखाली एक सोडलेली असतात. या मांडणीवरून जहाजाचा प्रकार ठरतो. तिन्ही डोलकाठ्यांवर चौकोनी शिडे असल्यास ते ‘फुल-रिग्ड’ जहाज होय. पुढील दोन डोलकाठ्यांवर चौकोनी आणि शेवटच्या डोलकाठीवर लांबीच्या दिशेची शिडे असल्यास त्यास ‘बार्क’ म्हणतात. तरंगिणी हे तीन डोलकाठ्यांचे बार्क आहे.

शर्यती आणि महोत्सव

प्रशिक्षण जहाजांची पहिली मोठी आंतरराष्ट्रीय शर्यत १९५६ मध्ये इंग्लंडमधील टॉरबे ते पोर्तुगालमधील लिस्बन अशी झाली. शिडांच्या जहाजांना निरोप देण्याच्या भावनेने योजलेला हा उपक्रम लोकप्रिय झाला आणि तो आजही चालू आहे. जहाजावरील किमान निम्मे खलाशी १५ ते २५ वर्षे वयाचे असावेत, हा या शर्यतींचा प्रमुख नियम आहे. शर्यतीच्या टप्प्यांदरम्यान जहाजे यजमान बंदरात काही दिवस थांबतात, लोकांना वर चढून पाहू देतात आणि निघताना शिडे उभारून संचलन करतात.

भारतीय जहाजे

तरंगिणीचा आराखडा ब्रिटिश नौकारचनाकार कॉलिन मुडी यांचा असून बांधणी गोवा शिपयार्डने केली. १ डिसेंबर १९९५ रोजी तिचे जलावतरण झाले आणि ११ नोव्हेंबर १९९७ रोजी ती नौदलात दाखल झाली. तिची लांबी ५४ मीटर असून तिच्यावर २० शिडे आहेत. २००३–०४ मध्ये पृथ्वीप्रदक्षिणा करणारे ती भारतीय नौदलाचे पहिले जहाज ठरली. ‘लोकायन’ मोहिमांत तिने युरोपातील टॉल शिप शर्यतींत भाग घेतला आहे. सुदर्शिनी २७ जानेवारी २०१२ रोजी दाखल झाली आणि त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये आग्नेय आशियाई देशांच्या सुमारे सहा महिन्यांच्या सफरीवर निघाली. दोन्ही जहाजांचा तळ कोची येथे आहे.

मुंबईकरांना परदेशी टॉल शिप पाहण्याची संधी २०२४ च्या नोव्हेंबरअखेरीस मिळाली. इटालियन नौदलाचे १९३१ मध्ये जलावतरण झालेले, सुमारे १०१ मीटर लांबीचे ‘आमेरिगो व्हेस्पुची’ हे फुल-रिग्ड जहाज जागतिक सफरीदरम्यान मुंबई बंदरात आले होते.

छायाचित्रण

धक्क्याला लागलेल्या जहाजाची शिडे सहसा गुंडाळलेली असतात. त्यामुळे तेथे डोलकाठ्या, दोरांचे जाळे, गाठी आणि नाळेवरील कोरीव मूर्ती हेच चित्रविषय ठरतात. फुगलेली शिडे टिपायची तर निघतानाच्या संचलनाची वाट पाहावी लागते व बंदराबाहेरील उंच किनारा किंवा होडी गाठावी लागते. जहाजाचा प्रकार ओळखता यावा यासाठी एका बाजूने घेतलेले, सर्व डोलकाठ्या स्वतंत्र दिसतील असे छायाचित्र अधिक उपयुक्त असते. सूर्य शिडांच्या मागे असल्यास कापड उजळून निघते आणि शिवणी दिसतात. वाशांवरील खलाशी चौकटीत आल्यास जहाजाच्या उंचीची कल्पना येते. नौदलाच्या गोदीत छायाचित्रणावर निर्बंध असतात. तेथे पूर्वपरवानगी आवश्यक असते.

प्रशिक्षणातील महत्त्व आणि धोके

आधुनिक युद्धनौकेवर काम करणाऱ्या अधिकाऱ्यास शिडे हाताळण्याची वेळ येत नाही. तरीही वारा, प्रवाह आणि लाटा यांचे प्रत्यक्ष ज्ञान शिडाच्या जहाजावर मिळते. एक शीड फिरवण्यासाठी अनेकांनी एकाच वेळी दोर ओढावे लागत असल्याने परस्परांवर विसंबण्याची सवयही लागते.

हे शिक्षण निर्धोक नाही. २१ सप्टेंबर १९५७ रोजी ‘पामिर’ हे जर्मन बार्क अटलांटिकमधील चक्रीवादळात बुडाले. त्यावरील ८६ जणांपैकी ८० मृत्युमुखी पडले. त्यांत बहुसंख्य प्रशिक्षणार्थी तरुण होते. या दुर्घटनेनंतर शिडांवरील प्रशिक्षण चालू ठेवावे की नाही, असा वाद झाला. तरीही अनेक देशांनी ते सोडले नाही. महोत्सवात वाशांवर ओळीने उभे असलेले तरुण प्रेक्षकांना शोभेचे वाटतात. वास्तविक ते आपले रोजचे काम जेथे करतात, तेथेच उभे असतात.