कर्करोगाच्या उपचारकाळातील व्यायाम

घरातील कोणास कर्करोग झाल्याचे निदान झाले की आपल्या कुटुंबांत पहिली आज्ञा सुटते ती ही : "आता तुम्ही काही करावयाचे नाही, नुसते पडून राहावयाचे." मग पेढी बंद, जिना बंद; पाण्याचा तांब्यादेखील हातात आणून दिला जातो. यामागे प्रेमच असते. परंतु त्या प्रेमाने रोग्याचे हित साधते काय, याचा विचार समाजबांधवांनी करावा, म्हणून हा लेख. प्रस्तुत लेखक वैद्य नव्हे, धान्याचा व्यापारी आहे. तज्ज्ञांनी जे प्रसिद्ध केले तेच येथे मांडले आहे.

किमोथेरपी व किरणोपचार यांमुळे येणारा थकवा हा दिवसभराच्या कष्टाचा थकवा नव्हे. तो केवळ झोपेने जात नाही. उलट, माणूस सतत पडून राहिला म्हणजे स्नायू झिजतात, स्नायू झिजले म्हणजे चार पावले चालणेही जड वाटते, आणि म्हणून तो अधिकच पडून राहतो. हे चक्र मोडण्याचा मार्ग म्हणजे बेताचा व नियमित व्यायाम. २०१९ साली अमेरिकन कॉलेज ऑफ स्पोर्ट्स मेडिसिन या संस्थेने भरविलेल्या तज्ज्ञांच्या परिषदेचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. आठवड्यातून तीन वेळा सुमारे ३० मिनिटे चालण्यासारखा व्यायाम आणि दोन वेळा स्नायूंस बळ देणारा व्यायाम केल्यास थकवा, चिंता व उदासीनता कमी होतात, असे त्यांत सांगितले आहे. २०२२ साली अमेरिकेतील कर्करोगतज्ज्ञांच्या संस्थेनेही रोग बरा करण्याच्या हेतूने उपचार चालू असता व्यायाम करावा, अशी शिफारस केली.

स्तनाच्या कर्करोगावर शस्त्रक्रिया झालेल्या स्त्रियांनी वजन उचलले तर हाताची सूज वाढेल, अशी समजूत पुष्कळ वर्षे होती. ज्यांच्या हातास आधीच सूज होती अशा १४१ स्त्रियांवरील प्रयोग २००९ साली प्रसिद्ध झाला. तज्ज्ञांच्या देखरेखीखाली हळूहळू वजन वाढवीत नेले असता सूज वाढली नाही, उलट बळ वाढले.

जून २०२५ मध्ये याहून मोठी गोष्ट प्रसिद्ध झाली. मोठ्या आतड्याच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया व किमोथेरपी पूर्ण झालेल्या ८८९ रोग्यांचे दोन गट करण्यात आले. त्यांतील बहुतेक कॅनडा व ऑस्ट्रेलिया येथील होते. एका गटास केवळ आरोग्यविषयक पुस्तिका दिल्या. दुसऱ्यास त्यांसह तीन वर्षे मार्गदर्शकाच्या साहाय्याने व्यायाम करविला. आठ वर्षांनी व्यायामाच्या गटात शेकडा सुमारे ९० जण हयात होते, दुसऱ्यात शेकडा सुमारे ८३. व्यायाम म्हणजे काय, तर बहुतेकांच्या बाबतीत भरभर चालणे. हा निष्कर्ष एकाच प्रकारच्या कर्करोगाचा व उपचारानंतरच्या काळाचा आहे, हे मात्र विसरू नये. व्यायाम औषधाची जागा घेत नाही. तो औषधाच्या जोडीने करावयाचा असतो.

आता सावधगिरी. प्रथम आपल्या डॉक्टरांची अनुज्ञा घ्यावी. रोग हाडांत पसरला असेल तर हाड मोडण्याचा धोका असतो. तेथे तज्ज्ञाच्या सल्ल्यावाचून काहीच करू नये. ताप, चक्कर, छातीत दुखणे अशा दिवशी व्यायाम करू नये व डॉक्टरांस कळवावे. रक्त वा बिंबिका फार कमी झाल्या असल्यास व्यायाम किती करावा, हेही त्यांनाच विचारावे. उपचार चालू असता उपवास करावयाचा असेल तर तोही त्यांस विचारूनच करावा, आणि निर्जळी उपवासाच्या दिवशी चालण्याचा आग्रह धरू नये. आरंभ दहा मिनिटांनी करावा. चालताना बोलता यावे, परंतु गाता येऊ नये, एवढी गती पुरेशी होय.

घरच्या मंडळींस एवढीच विनंती की, रोग्यास "पडून राहा" असे न म्हणता "चला, मीही येतो" असे म्हणावे. सकाळी मंदिरापर्यंत जाऊन येणे झाले तरी चांगला आरंभ झाला. परत आल्यावर त्याने स्वतःच्या हाताने पाणी घेतले तर घेऊ द्यावे.