नेक्सकार-19: प्रयोगशाळेतून रुग्णापर्यंत पोहोचलेली भारतीय कार-टी उपचारपद्धती

नेक्सकार-19 ही भारतात विकसित झालेली पहिली कार-टी पेशी उपचारपद्धती. आयआयटी मुंबईत डॉ. राहुल पुरवार यांच्या गटाने तिची रचना केली, टाटा मेमोरियल सेंटरमध्ये रुग्णांवरील चाचण्या झाल्या आणि उत्पादन इम्युनोअॅक्ट ही आयआयटीतच उभी राहिलेली कंपनी करते. ऑक्टोबर 2023 मध्ये तिला केंद्रीय औषध नियामकाची मंजुरी मिळाली.

या उपचारात रुग्णाच्याच रक्तातून टी-पेशी, म्हणजे रोगप्रतिकारक पेशी, वेगळ्या काढतात. निरुपद्रवी केलेल्या विषाणूमार्फत त्यांत नवे जनुक घालतात. त्यामुळे या पेशी ‘सीडी-19’ हे प्रथिन असलेल्या बी-पेशी ओळखून नष्ट करू शकतात. पेशींची संख्या वाढवून, सौम्य केमोथेरपीनंतर त्या शिरेतून परत दिल्या जातात.

इतर उपचारांना दाद न देणाऱ्या किंवा उलटलेल्या बी-पेशींच्या ल्युकेमिया व लिम्फोमा या कर्करोगांसाठी ही पद्धत आहे. 2025 मध्ये ‘लॅन्सेट हेमॅटॉलॉजी’त प्रसिद्ध झालेल्या चाचण्यांत सुमारे 73 टक्के रुग्णांनी प्रतिसाद दिला. रक्तपेशी घटणे, ताप, संसर्ग हे धोके असल्याने उपचार मोठ्या केंद्रांतच होतात. परदेशात तीन-चार कोटींचा असलेला हा उपचार येथे 50 लाखांच्या आत उपलब्ध झाला.