मॉन्टी हॉल समस्या

मॉन्टी हॉल समस्या हे संभाव्यताशास्त्रातील एक प्रसिद्ध कोडे आहे. तीन बंद दारांपैकी एका दारामागे मोटार व उरलेल्या दोन दारांमागे एकेक बकरी असते. स्पर्धकाने एक दार निवडल्यावर सूत्रसंचालक उरलेल्या दोहोंपैकी एक दार उघडून त्यामागील बकरी दाखवतो आणि स्पर्धकाला निवड बदलण्याची संधी देतो. अशा वेळी स्पर्धकाने पहिल्या दारावर ठाम राहावे की दुसरे बंद दार स्वीकारावे, हा या कोड्यातील प्रश्न होय. निवड बदलावी, हे त्याचे उत्तर आहे. बदलल्यास मोटार मिळण्याची संभाव्यता २/३ असते, न बदलल्यास १/३. या उत्तराला लागणारे गणित माध्यमिक शाळेतील अपूर्णांकांपलीकडे जात नाही. तरीही ते प्रथमदर्शनी जवळजवळ कोणालाच पटत नाही आणि गणिताच्या अनेक अध्यापकांनीही ते एकेकाळी जाहीरपणे चुकीचे ठरवले होते.

‘लेट्स मेक अ डील’ या अमेरिकन दूरचित्रवाणी कार्यक्रमाचे सूत्रसंचालक मॉन्टी हॉल (१९२१–२०१७) यांच्यावरून कोड्याला हे नाव मिळाले. हॉल यांचा जन्म कॅनडातील विनिपेग येथे झाला होता. हा कार्यक्रम डिसेंबर १९६३ मध्ये सुरू झाला.

कोड्याच्या अटी

कोडे नीट सोडवण्यासाठी त्यातील अटी स्पष्ट असणे अत्यावश्यक आहे. मोटार तिन्ही दारांपैकी कोणत्याही दारामागे असण्याची शक्यता आरंभी समान असते. ती कोठे आहे हे सूत्रसंचालकाला ठाऊक असते. स्पर्धकाने निवडलेले दार तो कधीही उघडत नाही, मोटारीचे दारही कधी उघडत नाही, आणि एक दार उघडून बदलाची संधी तो प्रत्येक खेळात देतो, केवळ मनात आले तर नव्हे. स्पर्धकाची पहिली निवड बरोबर असेल तर दोन्ही बकऱ्या सूत्रसंचालकाच्या बाजूला असतात. तेव्हा त्यांपैकी कोणते दार उघडावे हे तो नाणेफेकीसारखे निःपक्षपातीपणे ठरवतो. या अटींपैकी काही सांगायच्या राहून जातात आणि मग वाद माजतो. या कोड्याभोवतीच्या वादांचा मोठा भाग या न सांगितलेल्या अटींतूनच निर्माण झालेला आहे.

उत्तराची उपपत्ती

हा खेळ ३०० वेळा खेळला गेला असे मानू. स्पर्धक कोणतीही माहिती नसताना निवड करतो, म्हणून साधारण १०० खेळांत त्याचे पहिले दार मोटारीचे असेल आणि २०० खेळांत बकरीचे. पहिल्या १०० खेळांत निवड बदलणारा हरतो. उरलेल्या २०० खेळांत मात्र सूत्रसंचालकापुढे पर्याय नसतो. एक बकरी स्पर्धकाच्या दारामागे असते, मोटार दाखवायची नसते, त्यामुळे दुसऱ्या बकरीचेच दार त्याला उघडावे लागते. म्हणजेच बंद राहिलेल्या दुसऱ्या दारामागे निश्चितपणे मोटार असते. बदलणारा २०० खेळ जिंकतो, न बदलणारा १००. याहून अधिक गणित कोड्यात नाही.

तरीही मन मानत नसेल तर दारांची संख्या वाढवून पाहावी. पत्त्यांचा पूर्ण कॅट पालथा पसरला आहे आणि इस्पिकचा एक्का ओळखायचा आहे. खेळणाऱ्याने एक पत्ता न पाहता बाजूला ठेवला. पाने ठाऊक असलेल्या दुसऱ्या व्यक्तीने उरलेल्या ५१ पानांतून एक्का नसलेली ५० पाने एकेक करून उलटी केली आणि एकच पान पालथे ठेवले. आता दोनच पाने पालथी आहेत. परंतु पहिल्याच झटक्यात आपण एक्का उचलला असेल, असे मानायला येथे कोणी सहसा धजावत नाही. ५२ पैकी ५१ वेळा एक्का त्या दुसऱ्या पानातच असेल. तीन दारांचे कोडे हे याच खेळाचे लहान रूप आहे. लहान असल्यामुळेच ते अधिक फसवते.

वर्गात हा प्रयोग तीन पत्त्यांनिशी सहज करता येतो. इस्पिकचा एक्का व दोन दुर्र्या घेऊन दोघांनी ३० डाव खेळावेत आणि ‘बदलून जिंकले’ व ‘न बदलता जिंकले’ असे दोन रकाने भरावेत. पहिल्या रकान्यात २० च्या आसपास खुणा पडतात. सूत्रसंचालकाची भूमिका करणाऱ्या विद्यार्थ्याला कोड्याचे मर्म बहुधा आधी कळते. पाने हातात असल्यामुळे बहुतेक डावांत आपल्याला निवडीला वावच उरत नाही, हे त्याला प्रत्यक्ष अनुभवास येते.

थॉमस बेज यांच्या प्रमेयाने हेच उत्तर मिळते. स्पर्धकाने दार १ निवडले व सूत्रसंचालकाने दार ३ उघडले असे समजू. मोटार दार १ मागे असती तर दार ३ उघडले जाण्याची संभाव्यता १/२ असती. मोटार दार २ मागे असती तर ती १ असती, आणि दार ३ मागे असती तर शून्य. तिन्ही शक्यता आरंभी समान असल्याने दार १ व दार २ यांचे पारडे १ : २ असे राहते.

‘अर्धे-अर्धे’ हा भ्रम

दोन बंद दारे उरली म्हणजे प्रत्येकाची संभाव्यता १/२, हा युक्तिवाद बहुतेकांच्या मनात प्रथम येतो. शक्यता दोन असल्या म्हणजे त्या समान असतातच असे मात्र नाही. उद्या पाऊस पडेल किंवा पडणार नाही, या दोनच शक्यता आहेत, म्हणून ऐन उन्हाळ्यात कोणी पावसाची संभाव्यता अर्धी मानत नाही. दोन दारे समान दिसतात, पण त्यांचा इतिहास समान नाही. स्पर्धकाचे दार त्याने निवडल्यामुळेच सूत्रसंचालकाच्या हातून सुरक्षित राहिले आणि ते उघडले जाण्याचा प्रश्नच नव्हता. दुसरे दार मात्र उघडले जाऊ शकत असताना बंद राहिले. या बंद राहण्यातच माहिती दडलेली आहे.

बकरी दाखवल्यानंतर सभागृहात आलेल्या आणि आधीचे काहीही ठाऊक नसलेल्या माणसाने दोन दारांपैकी एक निवडले, तर त्याची जिंकण्याची संभाव्यता खरोखरच १/२ असते. तीच दारे, तीच मोटार, तरीही स्पर्धक व हा आगंतुक यांची उत्तरे वेगळी येतात, कारण दोघांजवळची माहिती वेगळी आहे. संभाव्यता ही दाराला चिकटलेली वस्तू नसून उपलब्ध माहितीचे माप आहे, हे या उदाहरणाइतके स्पष्ट क्वचितच दिसते.

सूत्रसंचालकाचे ज्ञान व हेतू

एकच दृश्य, म्हणजे उघडलेले दार आणि त्यामागची बकरी, वेगवेगळ्या नियमांखाली वेगवेगळे अर्थ धारण करते. समजा, सूत्रसंचालकाला मोटार कोठे आहे हे ठाऊक नाही आणि त्याने उरलेल्या दोहोंपैकी एक दार अंदाजाने उघडले. पुन्हा ३०० खेळ घेतले तर १०० खेळांत स्पर्धकाचे दार बरोबर असेल आणि बकरीच दिसेल. उरलेल्या २०० खेळांपैकी सुमारे १०० खेळांत चुकून मोटारच उघडी पडेल व खेळ तेथेच संपेल. बकरी दिसली असे २०० खेळ शिल्लक राहतात आणि त्यांपैकी निम्म्यांत मोटार पहिल्या दारामागे, निम्म्यांत दुसऱ्या. येथे निवड बदलली काय नि न बदलली काय, सारखेच. प्रेक्षकाला दोन्ही खेळ हुबेहूब सारखे दिसले असते.

सूत्रसंचालक कपटी असला आणि पहिली निवड बरोबर असेल तेव्हाच बदलाची संधी देत असला, तर बदलणारा प्रत्येक वेळी हरेल. याउलट पहिली निवड चूक असतानाच संधी देणारा कनवाळू सूत्रसंचालक भेटला, तर बदलणारा प्रत्येक वेळी जिंकेल.

आणखी एक सूक्ष्म प्रकार आहे. दोन्ही बकऱ्या आपल्या बाजूला असताना सूत्रसंचालक नेहमी दार ३ च उघडतो, असे स्पर्धकाला ठाऊक असेल, तर दार ३ उघडल्यावर बदलाचा लाभ नाहीसा होऊन संभाव्यता १/२ होते. दार २ उघडले तर मात्र मोटार दार ३ मागे असल्याची खात्रीच पटते. सर्व खेळ मिळून बदलणाऱ्याचे यश याही प्रकारात २/३ इतकेच राहते. मूळ अटी पाळणारा सूत्रसंचालक कोणत्याही सवयीचा असला, तरी निवड बदलल्याने नुकसान कधीच होत नाही.

पूर्वेतिहास

या जातीचे कोडे मॉन्टी हॉल यांच्याहून बरेच जुने आहे. फ्रेंच गणितज्ञ जोसेफ बर्ट्रांड यांनी १८८९ मध्ये तीन पेट्यांचे कोडे मांडले. एका पेटीत दोन सोन्याची नाणी, दुसरीत दोन चांदीची, तिसरीत एक सोन्याचे व एक चांदीचे नाणे. एक पेटी निवडून काढलेले नाणे सोन्याचे निघाले, तर त्याच पेटीतील दुसरे नाणेही सोन्याचे असण्याची संभाव्यता १/२ वाटते, पण ती २/३ असते. मार्टिन गार्डनर यांनी ‘सायंटिफिक अमेरिकन’ मासिकातील आपल्या सदरात १९५९ मध्ये तीन कैद्यांचे कोडे दिले. तिघांपैकी एकाला माफी मिळालेली असते. माफी न मिळालेल्या दुसऱ्या एका कैद्याचे नाव तुरुंगरक्षकाकडून कळताच पहिल्या कैद्याला आपली आशा १/३ वरून १/२ झाल्यासारखी वाटते. वस्तुतः ती १/३ च राहते आणि ज्याचे नाव घेतले गेले नाही त्या तिसऱ्याची २/३ होते.

कोड्याला आजचे रूप बर्कली येथील संख्याशास्त्रज्ञ स्टीव्ह सेल्व्हिन यांनी दिले. १९७५ मध्ये ‘द अमेरिकन स्टॅटिस्टिशियन’ या नियतकालिकाला लिहिलेल्या पत्रात त्यांनी तीन खोकी आणि एका खोक्यात मोटारीची किल्ली अशी मांडणी केली. काही वाचकांनी उत्तरावर आक्षेप घेतल्याने त्याच वर्षी त्यांनी दुसरे पत्र लिहिले आणि त्यात ‘मॉन्टी हॉल समस्या’ हे नाव वापरले. खुद्द हॉल यांनी सेल्व्हिन यांना पत्र पाठवून कळवले, की आपल्या कार्यक्रमात एकदा खोके निवडल्यावर अदलाबदलीची मुभा नसते. त्यांचे नाव अजरामर करणारा खेळ या स्वरूपात त्यांनी कार्यक्रमात खेळवलाच नव्हता.

१९९० चा वाद

अमेरिकेतील ‘परेड’ या साप्ताहिकात मेरिलिन व्हॉस सॅव्हंट वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे देणारे सदर लिहीत. सर्वाधिक बुद्ध्यंकासाठी त्यांच्या नावाची गिनीज बुकात नोंद झालेली होती. ९ सप्टेंबर १९९० च्या अंकात एका वाचकाने हे कोडे विचारले आणि त्यांनी निवड बदलण्याचा सल्ला दिला. त्यावर सुमारे १०,००० पत्रे आली. त्यांतील जवळजवळ १,००० पत्रलेखक पीएच.डी. पदवीधारक होते. व्हॉस सॅव्हंट यांनी दिलेल्या हिशेबानुसार सामान्य वाचकांची ९२ टक्के आणि विद्यापीठांतून आलेली ६५ टक्के पत्रे त्यांच्या उत्तराच्या विरोधात होती. पत्रांचा सूर मतभेदाचा कमी आणि कानउघाडणीचा अधिक होता. देशात गणिताचे अज्ञान आधीच पुष्कळ असताना त्यात भर घालू नये, असे प्राध्यापकांनी त्यांना सुनावले. स्त्रिया गणिताकडे वेगळ्या दृष्टीने पाहत असाव्यात, असेही एकाने लिहिले.

व्हॉस सॅव्हंट यांनी माघार घेतली नाही. पुढील लेखांतून त्यांनी उत्तर पुन्हा समजावले आणि देशभरातील शाळांना वर्गात प्रयोग करून पाहण्याचे आवाहन केले. मुलांनी पेले आणि पत्ते घेऊन केलेल्या प्रयोगांचे निष्कर्ष २/३ च्या जवळ आले. विद्वानांच्या सहीची पत्रे जे ठरवू शकली नाहीत ते शाळकरी मुलांच्या नोंदींनी ठरवले. काही विरोधकांनी चूक मान्य करणारी पत्रेही पाठवली.

मूळ प्रश्नात सूत्रसंचालकाने दार उघडलेच पाहिजे, ही अट शब्दांत दिलेली नव्हती, हा आक्षेप मात्र रास्त होता. तथापि बहुसंख्य टीकाकारांनी तो घेतलाच नव्हता. त्यांनी नियम नेहमीचेच गृहीत धरले होते आणि तरीही उत्तर १/२ काढले होते. जुलै १९९१ मध्ये ‘न्यूयॉर्क टाइम्स’च्या वार्ताहराने बेव्हर्ली हिल्स येथे मॉन्टी हॉल यांची भेट घेतली. हॉल यांनी घरातच त्याच्याशी खेळ मांडला. पहिली निवड चुकली की ते लगेच तेच दार उघडून बकरी पदरात टाकत. निवड बरोबर असली तरच बदलाचा मोह घालत. सूत्रसंचालकाला नियमाने बांधले नसेल तर २/३ चा हिशेब लागू पडत नाही, हे गणितज्ञ नसलेल्या हॉल यांनी अचूक हेरले होते.

मानवी प्रतिक्रिया

मानसशास्त्रज्ञांनी हे कोडे अनेकदा प्रयोगासाठी वापरले आहे. १९९५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात २२८ जणांपैकी केवळ १३ टक्के व्यक्तींनी निवड बदलली. दोन्ही दारे समान आहेत असे खरोखर वाटत असेल, तर निम्म्या लोकांनी तरी बदल करायला हवा होता. बदलून हरल्याची चुटपुट न बदलता हरल्यापेक्षा अधिक लागते, हे त्याचे एक कारण मानले जाते. हातची मोटार स्वतःहून सोडली ही बोचणी माणसाला नको असते.

हंगेरियन गणितज्ञ पॉल एर्डिश यांनाही प्रथम हे उत्तर मान्य नव्हते. त्यांचे मित्र अँड्र्यू व्हाझोनी यांनी नोंदवले आहे, की आकृत्या काढून समजावूनही एर्डिश यांचे समाधान झाले नाही. संगणकावर खेळ पुनःपुन्हा चालवून दाखवल्यावरच ते वरमले. याउलट २०१० मध्ये अमेरिकेतील व्हिटमन कॉलेजातील संशोधकांनी सहा कबुतरांना दाण्यांचे आमिष ठेवून हाच खेळ शिकवला. महिनाभरात ती जवळजवळ प्रत्येक वेळी निवड बदलू लागली. त्याच पद्धतीच्या प्रयोगात विद्यार्थी मात्र शेवटपर्यंत सुमारे दोन तृतीयांश वेळाच बदल करत राहिले.

साहित्य व दूरचित्रवाणी

मार्क हॅडन यांच्या ‘द क्युरियस इन्सिडेंट ऑफ द डॉग इन द नाइट-टाइम’ (२००३) या कादंबरीतील किशोरवयीन निवेदक हे कोडे सोडवून दाखवतो. ‘२१’ (२००८) या चित्रपटात प्राध्यापक वर्गात हाच प्रश्न विचारतो. ‘लेट्स मेक अ डील’चे हिंदी रूपांतर ‘खुल जा सिम सिम’ या नावाने २००१ मध्ये स्टार प्लस वाहिनीवर अमन वर्मा यांच्या सूत्रसंचालनाखाली सुरू झाले, त्यामुळे बंद दारांचा हा खेळ मराठी प्रेक्षकांनाही परिचित आहे. ‘डील या नो डील’ या कार्यक्रमातील पेट्यांचे गणित मात्र वेगळे आहे. तेथे पेट्या स्पर्धक स्वतःच, आत काय आहे हे ठाऊक नसताना उघडत जातो. शेवटी दोन पेट्या उरल्या आणि त्यांपैकी एकीत सर्वांत मोठी रक्कम असली, तरी ती कोणत्या पेटीत आहे याची संभाव्यता दोहोंसाठी १/२ च असते. तेथे पेटी बदलल्याने लाभ होत नाही आणि तोटाही होत नाही.