एक चिन्ह, बारा उच्चार

देवनागरी लिपीचा आपणांस इतका सराव झालेला असतो कीं, कागदावरील प्रत्येक खुणेचा उच्चार ठरलेलाच असावयाचा, असें आपण गृहीत धरून चालतों. परंतु आपल्याच लेखनांत अशाहि खुणा आहेत कीं, त्यांस हा नियम लागू पडत नाहीं. २ हा आंकडा घ्या. एकटा असला कीं तो 'दोन'. मुलें पाढे म्हणूं लागलीं कीं तोच 'बे'. २२ म्हटलें कीं 'बावीस'. आणि पुढें 'रा' जोडून '२ रा' असें लिहिलें कीं 'दुसरा'. हिंदी भाषिक तोच आंकडा 'दो' असा वाचतो. खूण एक, अर्थ एक, उच्चार मात्र संगतीप्रमाणें निराळा! तरीहि आपल्या घरांतील सात वर्षांचें मूल तेथें अडखळत नाहीं. कारण ह्या उच्चारांची यादी त्यानें कधीं पाठ केलेली नसते; ते त्याला शब्दांतून मिळालेले असतात.

जपानी भाषेंतील 'कान्जी' अक्षरें ह्याच जातीचीं होत. (आपल्या घरच्या कांजीशीं ह्या शब्दाचा कांहीं संबंध नाहीं. 'कान' म्हणजे हान, अर्थात् चिनी. आणि 'जी' म्हणजे अक्षर.) जपानच्या प्राथमिक शाळेंत सहा वर्षांत अशीं १०२६ अक्षरें शिकवितात; त्यांपैकीं ८० पहिल्या वर्षीं. सर्वसाधारण व्यवहारासाठीं सरकारनें २०१० सालीं सुधारलेल्या यादींत २१३६ अक्षरें आहेत. हे आंकडे ऐकून नवशिक्याची छाती दडपते. परंतु शितावरून भाताची परीक्षा करतात, त्याप्रमाणें एकच अक्षर नीट पाहिलें तर भीति बरीच कमी होते. पहिल्या इयत्तेंतील त्या ८० अक्षरांपैकींच एक येथें घेऊं. त्याचा मूळ अर्थ 'जीवन' अथवा 'जन्म'.

अक्षराची घडण सोपी आहे. रेघा अवघ्या पांच. प्रथम डावीकडे वरून खालीं उतरणारी लहान तिरपी रेघ; मग तिला लागून आडवी रेघ; मग मधोमध उभी रेघ; मग दुसरी आडवी; आणि शेवटीं तळाशीं सर्वांत लांब आडवी रेघ. हा क्रम जपानी मुलांकडून घोटून घेतात. मुळांत हें चित्र जमिनींतून वर आलेल्या कोंबाचें आहे. तळची रेघ ती भूमि, उभी रेघ तें खोड. हें चित्र एकदां डोळ्यांपुढें आलें कीं अर्थ पाठ करावा लागत नाहीं. जें उगवतें तें जन्मतें. जें जन्मतें तें जगतें.

आतां उच्चार. ह्या एका अक्षराचे सरकारी यादींत बारा उच्चार दिले आहेत! त्यांपैकीं दोन चीनमधून आलेले आणि दहा अस्सल जपानी. चीनमधून दोन येण्याचें कारण इतिहासांत आहे. पांचव्या-सहाव्या शतकांच्या सुमारास बौद्ध धर्माबरोबर जो उच्चार आला तो 'शो' (दीर्घ). पुढें सातव्या ते नवव्या शतकांत जपानी राजदूत व विद्यार्थी तांग राजधानीस जाऊं लागले. त्यांनीं तेथील उच्चार आणला तो 'सेइ'. पहिला गेला नाहीं आणि दुसराहि राहिला.

'सेइ'चे शब्द पाहा. 'सेन' म्हणजे आधीं; म्हणून 'सेन्सेइ' म्हणजे आधीं जन्मलेला. हा तर हुबेहूब आपला 'अग्रज'! आपण तो शब्द वडील बंधूस दिला. जपान्यांनीं शिक्षकास व वैद्यास दिला. 'गाकुसेइ' म्हणजे विद्यार्थी, 'जिन्सेइ' म्हणजे मनुष्यजीवन. 'शो'चे शब्द म्हणजे 'इश्शो', एक जन्म, अर्थात् जन्मभर. आणि 'तान्जोबी', वाढदिवस. ह्या दुसऱ्या शब्दांत 'शो'चा 'जो' झाला आहे, जसा आपल्याकडे संधींत 'क'चा 'ग' होतो. 'शुजो' म्हणजे सकल प्राणिमात्र. बौद्ध ग्रंथांच्या चिनी भाषांतरांत संस्कृत 'सत्त्व' ह्या शब्दासाठीं ही जोडी वापरली गेली आणि तीच पुढें जपानांत पोंचली.

उरलेले दहा उच्चार जपानी बोलींतले. लिपि बाहेरून येण्यापूर्वींच तेथें जगण्याला, जन्मण्याला शब्द होते. तेच ह्या अक्षरावर बसविण्यांत आले. कोणता उच्चार करावयाचा हें अक्षरापुढील हिरागाना लिपींतील शेपटावरून बहुधा कळतें, जसा '२ रा' मधील 'रा' आपणांस 'दुसरा' म्हणावयास लावतो. एका शेपटानें 'इकिरु', जगणें. दुसऱ्यानें 'उमारेरु', जन्मणें. तिसऱ्यानें 'हाएरु', उगवणें. 'इकेरु' म्हणजे फुलें जिवंत राहतील अशीं मांडणें, त्यावरूनच 'इकेबाना'. शेपूट नसलें कीं 'नामा', म्हणजे कच्चें, अग्निसंस्कार न झालेलें. 'नामायासाइ' म्हणजे कच्ची भाजी. पुढें आकाशवाणी आल्यावर थेट प्रक्षेपणालाहि 'नामाहोसो' हेंच नांव पडलें. 'कि' म्हणजे निर्भेळ. 'किइतो' म्हणजे कच्चें रेशीम, जें एके काळीं जपानच्या निर्यातीचा कणा होतें.

खरी गंमत पुढेंच आहे. ह्या अक्षरापुढें 'वस्तु' ह्या अर्थाचें अक्षर ठेवा. शाळेच्या पुस्तकावर ही जोडी 'सेइबुत्सु' अशी वाचतात. अर्थ जीवसृष्टि, जीवशास्त्र. पार्सलावर तीच जोडी 'नामामोनो' होते. अर्थ लौकर खराब होणारा कच्चा खाद्यपदार्थ. कागदावर कानामात्रेचाहि फरक नाहीं. प्रसंग पाहूनच वाचावयाचें.

आज पुण्यासारख्या शहरांत अनेक घरांतील मुलें-मुली जपानी शिकतात आणि तिची पांच पायऱ्यांची परीक्षा देतात. पुष्कळांचा उत्साह कान्जीपाशीं येऊन मावळतो, आणि घरचीं वडील माणसें तो बुद्धीचा अथवा चिकाटीचा दोष समजतात. बहुतेक वेळां दोष असतो तो रीतीचा. बारा उच्चार ओळीनें पाठ करणारा विद्यार्थी पहिल्याच वाक्यांत गोंधळतो. त्याऐवजीं दर उच्चारास एक शब्द आणि दर शब्दास एक लहान वाक्य अशी जोड घालावी. 'सेइ' न घोकतां 'सेन्सेइ' शिकावें. 'शो' न घोकतां 'तान्जोबी' शिकावें. रोज एक अक्षर, पांच-सहा शब्द, आणि रेघांच्या क्रमानें दहा वेळां लेखन, एवढें पुरे.

ह्या कामीं घरांतील मंडळींचाहि उपयोग होतो. जपानी उच्चारांचा कोश 'आ इ उ ए ओ', मग 'का', 'सा', 'ता', 'ना' ह्या क्रमानें लावलेला असतो. हा क्रम बौद्ध पंडितांनीं संस्कृत वर्णमालेवरून घेतला. तेव्हां शब्दांची वही ह्या क्रमानें मांडून देवनागरींत उच्चार लिहून ठेवले, तर जपानीचा गंध नसलेल्या आजीबाईंनाहि ती हातीं धरून नातवाचे शब्द तपासतां येतील. उत्तर चुकलें, तर त्याला '२ रा' लिहून दाखवावा आणि पुन्हां विचारावें.