‘पूर्ण कार्बोरेटरच घेऊन जा ना!’

जुन्या जावाचं मडगार्ड मिळतं. टाकीच्या बाजूचे गुडघ्याचे रबर मिळतात, सायलेन्सरची जोडी मिळते, पितळी अक्षरं मिळतात. कोणी ना कोणी ते नव्याने बनवतंच, कारण ते दिसतं आणि दिसतं ते विकलं जातं. मिळत नाही ते जेट. करंगळीच्या नखाएवढा पितळेचा तुकडा, त्याच्या मधोमध सुईने टोचल्यासारखं भोक. तो मागितला की काउंटरपलीकडून ठरलेलं उत्तर येतं, ‘सुटं नाही येत साहेब, पूर्ण कार्बोरेटरच घेऊन जा ना.’ गेल्या सहा-सात वर्षांत हे वाक्य मी पुण्याच्या नाना पेठेत ऐकलंय, मुंबईत ऑपेरा हाउसच्या गल्ल्यांत ऐकलंय, दिल्लीच्या करोल बागेत हिंदीतून ऐकलंय. त्यावरून मी एक नियम काढला आहे: भाग जितका लहान, तितका बाजार तो द्यायला नाखूश.

माझ्याकडे वडिलांची १९६७ सालची जावा आहे. म्हैसूरची. मूळची गाडी चेक. फ्रांतिशेक यानेचेक याने १९२९ मध्ये जर्मन ‘वांडरर’च्या मोटारसायकलीचा परवाना घेतला आणि दोन्ही नावांची आद्याक्षरं जोडून ‘जावा’ केलं. (तिकडे उच्चार ‘यावा’. आपण वाचलं ‘जावा’ आणि तसंच रूढ झालं. एका अर्थी बरंच, ‘यावा’ म्हटल्यावर येईलच अशी ती गाडी नव्हे.) रुस्तम आणि फारोख इराणी यांच्या ‘आयडियल जावा’ने १९६१ पासून ती म्हैसूरला बनवली, पुढे तिचीच येझदी झाली आणि १९९६ मध्ये कारखाना बंद पडला. म्हणजे कंपनीचा म्हणावा असा माल थांबून पंचवीसहून अधिक वर्षं झाली. पेटीबंद जुना माल अधूनमधून निघतो, पण त्याच्या मागे माझ्यासारखे शेकडो जण आहेत.

या गाडीवर जिकोव्ह बनावटीचा कार्बोरेटर असतो. हा कारखाना चेस्के बुडेयोविसे या गावचा. कार्बोरेटरच्या अंगावर चार आकडे उठवलेले असतात, २९२४ किंवा २९२६ असे. शेवटचे दोन आकडे म्हणजे गळ्याचा व्यास, मिलिमीटरमध्ये. हे कळायला मला दोन वर्षं लागली आणि तेवढ्यात मी चोवीसच्या कार्बोरेटरसाठी सव्विसाच्या दोन स्लाइड विकत घेऊन बसलो होतो. जपानी मिकुनीच्या घराण्यातही तशीच रीत आहे. बुलेट ३५०वरच्या मिककार्बवर ‘व्हीएम २४’ लिहिलेलं असतं, ५००वर ‘व्हीएम २८’. दुकानात ‘बुलेटचा द्या’ म्हणण्याऐवजी हा आकडा सांगितला, की पलीकडचा माणूस जरा सावरून बसतो.

ज्यांनी कार्बोरेटर कधी उघडून पाहिला नाही, त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. डासांवर मारायचा जुना फ्लिटचा पंप आठवा. नळीच्या तोंडावरून हवा जोरात गेली की खालचं औषध आपोआप वर ओढलं जाऊन तुषार उडतात. तेच इथे. खाली पेट्रोलची वाटी. तिच्यातली पातळी कायम राहावी म्हणून गच्चीवरच्या टाकीत असतो तसा फ्लोट आणि त्याने उघडझाप होणारी पिन. वर हवेच्या वाटेत ॲक्सिलरेटरने उचलली जाणारी स्लाइड आणि स्लाइडला लटकलेली निमुळती सुई. मूठ जराशी पिळलेली असताना पेट्रोल देतं ते पायलट जेट. पाव ते पाऊण पिळेपर्यंत कारभार सुईचा आणि ती ज्या नळीत वरखाली होते त्या नीडल जेटचा. त्यापुढे मेन जेट. मुठीवर चिकटपट्टी लावून पाव, अर्धा, पाऊण अशा खुणा करायच्या आणि गाडी कुठे अडखळते ते पाहायचं. दोष कोणत्या भागात आहे ते या पट्टीवर अगदी स्वच्छ दिसतं. ही युक्ती फुकट आहे, म्हणूनच की काय, फारसं कोणी वापरत नाही.

माझी गाडी चौकात थांबली की बंद पडायची. प्लग बदलला, कॉइल बदलली, पॉइंट आणि कंडेन्सर बदलले. शेवटी मेकॅनिकने निकाल दिला, ‘कार्बोरेटर गेला.’ कार्बोरेटर कधी असा एकजात ‘जात’ नाही. त्यातलं काहीतरी जातं. पन्नास वर्षं वरखाली होऊन माझी स्लाइड झिजली होती, बोटाने हलवली तर खुळखुळायची. त्या फटीतून नको तिथली हवा आत जात होती आणि आयडलिंग ठरत नव्हतं. नीडल जेटचं भोकही एका बाजूने घासून अंडाकृती झालं होतं. म्हणजे मला हवे होते दोनच भाग. विकायला बाजारात होता कार्बोरेटर.

मी तो घेतलासुद्धा. शहराचं आणि दुकानाचं नाव सांगत नाही. चकचकीत, खोक्यात, ‘ओरिजिनल’ म्हणून. सोबत कार्बोरेटर किट. पहिल्या दिवशी गाडी सुरेख चालली, तिसऱ्या दिवशी प्लग काळाकुट्ट. नव्या मेन जेटवर आकडा माझ्या जुन्या जेटवरचाच होता. शंका आली म्हणून बारीक ड्रिलबिटांचे मागचे गुळगुळीत दांडे एकेक करून भोकात घालून पाहिले, तर नव्या जेटचं भोक सरळ मोठं. आकडा खरा, भोक खोटं. हे क्षुल्लक वाटेल म्हणून हिशेब सांगतो: ०.९० मिलिमीटरचं भोक ०.९५ झालं तर रुंदी वाढते जेमतेम साडेपाच टक्के, पण पेट्रोल जायची जागा वाढते अकरा टक्क्यांनी. आणि ही टू-स्ट्रोक गाडी. भोक मोठं असेल तर प्लग काळा होऊन निभावतं. लहान असेल तर पेट्रोल कमी, पेट्रोलबरोबर जाणारं ऑइलही कमी, आणि घाटात पिस्टन जाम.

आकड्यांचा घोळ इथे संपत नाही. ब्रिटिश ॲमलच्या जेटवरचा आकडा सांगतो की मिनिटाला किती घनसेंटिमीटर पेट्रोल त्यातून वाहतं. इटालियन देलॉर्तोच्या जेटवरचा आकडा म्हणजे भोकाचा व्यास, मिलिमीटरच्या शतांशात. पुण्याच्या स्पाकोने देलॉर्तोच्या धर्तीवर स्कूटरांचे कार्बोरेटर बनवले, त्यामुळे आपल्याकडच्या चेतकपिढीच्या मिस्त्रींच्या डोक्यात तीच मोजणी बसलेली. ते बुलेटच्या ॲमलला हात लावतात तेव्हा ‘शंभर म्हणजे शंभर’ असं धरून चालतात. तसं नसतं.

ॲमलवाल्यांचा मात्र मला मत्सर वाटतो. १९५५ मध्ये मद्रासला एनफिल्ड इंडिया सुरू झाली, त्या सुमाराच्या बुलेटवर ॲमलचा मोनोब्लॉक असे. ॲमल ही बर्मिंगहॅमची कंपनी. तीन कार्बोरेटरवाले १९२७ मध्ये एकत्र आले आणि त्या एकत्रीकरणाच्या इंग्रजी शब्दावरूनच हे नाव पडलं. आज हे नाव सॉल्झबरीच्या बर्लेन या कंपनीकडे आहे आणि ती मोनोब्लॉकचा जवळजवळ प्रत्येक भाग सुटा विकते. स्क्रूसुद्धा. जुन्या स्लाइड जस्ताच्या मिश्रधातूच्या, बॉडीही त्याच धातूची, त्यामुळे दोघी एकमेकींना खात. आता कठीण थर चढवलेल्या ॲल्युमिनियमच्या स्लाइड मिळतात. कुरियर आणि कस्टम मिळून जेटची किंमत हास्यास्पद होते खरी, पण भोक आकड्याप्रमाणे असतं. फक्त एक लक्षात ठेवावं. ॲमलचे आटे इंग्रजी, जिकोव्ह-मिकुनीचे मेट्रिक. आपल्याकडे जोर लावून एकात दुसरं बसवलेले कितीतरी मोनोब्लॉक मी पाहिलेत. तो आटा पुन्हा कधीच धरत नाही.

आरएक्स १०० वाल्यांचं दुखणं उलट. सांगली-साताऱ्यात या गाडीचं वेड इतकं आहे की भाग नाही असं होत नाही, फक्त दहांतले किती खरे हे विचारायचं नाही. मिकुनीच्या अस्सल जेटवर बारीक चौकोनी खूण असते, ती भिंगातून पाहून घ्यावी. नकली मालवाले हल्ली तीही उठवतात, तेव्हा शेवटी ड्रिलबिटच खरा.

जुन्या बाजारांबद्दल थोडं. पुण्याचा जुना बाजार बुधवारी आणि रविवारी भरतो. तिथे मी नवा भाग शोधायला जात नाही, मोडका कार्बोरेटर शोधायला जातो. फुटक्या बॉडीत चांगली सुई असू शकते, अडकलेल्या स्लाइडखाली कोरं नीडल जेट निघतं. मुंबईच्या चोरबाजारात भाव चढे, कारण तिथल्या माणसाला ‘विंटेज’ हा शब्द कळलेला आहे. चेन्नईच्या पुदुपेट्टैबद्दल बरंच ऐकून गेलो होतो. बुलेटचा माल अमाप, जावाचा नाही. चेक प्रजासत्ताकात जुन्या जावाचे भाग आजही नव्याने बनतात. तिथून मागवलेली सुई अचूक निघाली, तेव्हा पाकीट उघडून पाहिलेल्या बायकोने विचारलं, ‘एवढ्याला हे?’ उत्तर नव्हतं.

स्लाइडचा प्रश्न मात्र सुटला कोल्हापुरात. सोपं होतं खरं तर: नवी स्लाइड मिळत नसेल तर जुन्या बॉडीला नवं अस्तर द्यायचं. शिवाजी उद्यमनगरात लेथवर बसलेल्या एका मामांना बॉडी दाखवली. बाबूराव पेंटर यांनी शंभर वर्षांपूर्वी ज्या गावात सिनेमाचा कॅमेरा घरी बनवला, त्या गावच्या लेथवाल्याला या कामाचं काय अप्रूप! त्यांनी बॉडी उलटीपालटी केली, स्लाइड आत टाकून कानाजवळ हलवली आणि म्हणाले, ‘पावणं, ह्यो टाकायचा न्हाय. ह्यात जीव हाय अजून.’ बॉडी किंचित बोअर करून आत पितळेची पातळ स्लीव्ह बसवली, झिजलेल्या स्लाइडला घासून गोल करून तिच्या मापाने स्लीव्ह रीम केली. दोन दिवस लागले. नीडल जेटही पितळेच्या सळईतून त्यांनीच काढलं, पण भोकाचं माप नव्या सुईवरून घेतलं, जुन्या जेटवरून नाही. जुनं जेट झिजलेलं असतं, त्याचं माप घेणं म्हणजे आजाराची नक्कल करणं. इथे मी शहाणपणा दाखवायला गेलो होतो, त्यांनी ऐकूनही घेतलं नाही.

फ्लोटला दोन बारीक छिद्रं होती. ती शोधायची रीत जुनी: गरम पाण्यात बुडवायचा, बुडबुडे येतील तिथे खूण करायची. मग आतलं पेट्रोल पूर्ण सुकू द्यायचं आणि तेव्हाच डाग द्यायला न्यायचा. आत पेट्रोल असताना डाग देणं म्हणजे छोटा बॉम्ब हातात धरणं. रेडिओ दुरुस्त करणाऱ्या एका काकांनी डाग दिला, अगदी थोडासा. जास्त कथिल लागलं तर फ्लोट जड होऊन पातळी बदलते. पॅकिंग मी घरीच कापतो, पॅकिंगचा कागद बॉडीवर धरून कडेने हातोडीने हलकेच ठोकत. एकदा कागद संपला तेव्हा लग्नपत्रिकेचा पुठ्ठा ऑइलमध्ये भिजवून वापरला. त्या जोडप्याचा संसार नीट चालू आहे आणि पॅकिंगही दोन महिने टिकलं.

हे सगळं करूनही आता एक नवी कटकट आली आहे. २०२३ पासून पंपावर वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल येऊ लागलं. इथेनॉल हवेतली ओल ओढतं, जुन्या रबराला फुगवतं, जस्ताच्या बॉडीत पांढरी बुरशीसारखी पूड धरतं. त्यातून पावसाळ्यात गाडी उभी राहिली की वाटीतलं पेट्रोल उडून जातं आणि खाली ऑइलचा तपकिरी चिकटा उरतो, तो थेट पायलट जेटात. तो तारेने काढायचा मोह आवरावा, तार भोक मोठं करते. पेट्रोलचा नळ बंद करून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवायचं, एवढं केलं तरी अर्धी दुखणी टळतात. २०२० मध्ये बीएस-६ आलं तेव्हापासून नव्या मोटारसायकलींवर बहुतेक फ्युएल इंजेक्शनच असतं, त्यामुळे गॅरेजात कामाला लागणाऱ्या पोरांच्या हाताला कार्बोरेटर क्वचितच लागतो. जेट मागितलं की ती पोरं आता ‘पूर्ण घ्या’ म्हणत नाहीत, ‘म्हणजे काय?’ म्हणतात.

जावा आता चौकात थांबते आणि आयडलिंगला उभी राहते. कार्बोरेटरमध्ये आज चेक सुई आहे, कोल्हापुरी नीडल जेट आहे, जुन्या बाजारातल्या मोडक्या बॉडीतलं मेन जेट आहे आणि डाग दिलेला फ्लोट आहे. सकाळी पेट्रोल चढवायला दाबतो त्या टिकलरची स्प्रिंग मात्र कुठेच मिळाली नाही. मुलीच्या बॉलपेनची घातली आहे. चौथं पेन चालू आहे.