दूरस्थ शिक्षणातील अध्यापकाची ओळख

आपल्या शास्त्रात ‘आचार्य’ ही संज्ञा सहजासहजी कोणास लावली जात नाही. चरकसंहितेच्या विमानस्थानात, आठव्या अध्यायात, आचार्याची परीक्षा सांगितली आहे. निर्मळ शास्त्रज्ञान, प्रत्यक्ष कर्माचा अनुभव, हस्तकौशल्य आणि शिष्यास समजावून देण्याचे सामर्थ्य हे गुण तेथे एकाच व्यक्तीत अपेक्षिले आहेत. दूरस्थ शिक्षणात मात्र अध्यापनाचे कार्य अनेकांत विभागले जाते. मग तेथे अध्यापक कोणास म्हणावे?

यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाची स्थापना १ जुलै १९८९ रोजी नाशिक येथे झाली, डॉ. राम ताकवले हे पहिले कुलगुरू. या पद्धतीत पाठ्यपुस्तक एक तज्ज्ञ लिहितो, दुसरा ते संपादित करतो, अनुदेशनतंत्राचा जाणकार त्यास स्वयंअध्ययनास योग्य असे रूप देतो. अभ्यासकेंद्रावर शंकानिरसन करणारा ‘समंत्रक’ आणखी निराळा. लेखकास विद्यार्थी दिसत नाही. समंत्रकास दिसतो, परंतु पुस्तक त्याचे नसते.

बारामती वा इंदापूर येथील औषधालयात दिवसभर राबणारा एखादा मदतनीस वाणिज्य शाखेची पदवी घेऊ लागला, तर त्यास विद्यापीठ भेटते ते समंत्रकाच्याच रूपाने. समंत्रक बहुधा अन्य महाविद्यालयात अध्यापक असतो व सुटीच्या दिवशी मानधनावर संपर्कसत्र घेतो. त्यामुळे समंत्रण हे जोडकाम मानले जाते, आणि पुष्कळदा तो स्वतःही तसेच मानू लागतो. आमच्या मते येथेच हानी होते. शिक्षण खंडित झालेल्या, थकून आलेल्या प्रौढास मोजक्या तासांत विषय उलगडून दाखविणे हे दुय्यम नव्हे, अधिक कठीण अध्यापन होय.

चरकाचार्यांनी ज्ञानप्राप्तीचे अध्ययन, अध्यापन व तद्विद्यसंभाषा असे तीन उपाय सांगितले आहेत. पुस्तक अध्ययनाची सोय करते. संभाषेस मात्र समोर माणूस लागतो. प्रत्यक्ष कर्म तर दुरून शिकविताच येत नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२० च्या विनियमांनी वैद्यक व औषधनिर्माणशास्त्र हे विषय दूरस्थ पद्धतीतून वगळले आहेत, ते यथार्थच आहे.

औषधालयचालकांनी आपल्या होतकरू मदतनिसांस संपर्कसत्रासाठी आवर्जून रजा द्यावी, आणि समंत्रकास गुरुजनांचा मान द्यावा. ज्याच्यापाशी शिष्याची शंका फिटते, तो अध्यापकच होय.